नव्या नशेची विषबाधा : ओळख, उपचार आणि नोंद

हिंगोली जिल्ह्यात ‘विषबाधा’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रामुख्याने दोन चित्रे उभी राहतात. एक पिकावरील फवारणीच्या औषधाचे आणि दुसरे पावसाळ्यात बांधावर झालेल्या सर्पदंशाचे. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यातील रुग्णालयांना ही दोन्ही दुखणी चांगली परिचित आहेत. फवारणीच्या औषधाचा उग्र वास रुग्णाच्या आधी अपघात विभागाच्या दारात पोहोचतो आणि अनुभवी परिचारिका डॉक्टर येण्यापूर्वीच ॲट्रोपिनच्या बाटल्या काढून ठेवते. ही तत्परता आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात विषबाधेचा एक निराळा प्रकार रुजला आहे. त्याला वास नाही, त्याची बाटली रुग्णाजवळ सापडत नाही आणि रुग्णासोबत आलेली मंडळी त्याचे नावही घेत नाहीत. चैनीसाठी, मित्रांच्या आग्रहाखातर अथवा अंगात ताकद यावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या नव्या कृत्रिम मादक द्रव्यांची ही विषबाधा होय. अशा रुग्णाची ओळख कशी पटवावी, त्याच्यावर उपचार कोणते करावेत आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्याची नोंद कशी व का ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय या तिघांचाही या विषयाशी संबंध आहे, म्हणून शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडणी केली आहे.

एक प्रातिनिधिक चित्र

पुढील वर्णन कोणा एका रुग्णाचे नाही. वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली लक्षणे आणि आपल्या भागातील परिस्थिती यांची सांगड घालून, अभ्यासाच्या सोयीसाठी ते रचले आहे.

रात्रीचे अकरा वाजले आहेत. वीस-बावीस वर्षांच्या एका तरुणाला दोन मित्र मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात, बाकड्यावर टेकवतात आणि ‘घरच्यांना फोन केलाय’ एवढे सांगून निघून जातात. तरुण पुण्यात नोकरीला आहे आणि लग्नासाठी गावी आला आहे. तो घामाने निथळतो आहे, एका जागी स्थिर बसत नाही, दात करकर खातो, कोणीतरी मारायला येत असल्याचे सांगतो. नाडी मिनिटाला दीडशेच्या घरात, अंग तापलेले. अर्ध्या तासात आई येते. डॉक्टर नेहमीचा प्रश्न विचारतात, “काकू, पोरानं औषध घेतलं का?” आई शपथ घेऊन सांगते, “नाही हो साहेब, औषधाला त्यानं हातबी लावला नाही.”

आई खोटे बोलत नाही. आपल्याकडे ‘औषध घेतले’ याचा अर्थ फवारणीचे विष प्याले असाच होतो आणि तिच्या मुलाने ते खरोखरच घेतलेले नाही. त्याने नाकातून ओढली आहे ती पांढरी पूड. आईला ती माहीत नाही आणि मित्रांना ती माहीत असली तरी ते आता तेथे नाहीत. डॉक्टरांचा प्रश्न जुन्या विषासाठी घडलेला आहे, त्यामुळे उत्तरही जुन्या विषापुरतेच मिळते. या रुग्णाच्या बाबतीत पहिली चूक होण्याची शक्यता येथेच, प्रश्नाच्या शब्दांत आहे.

ही द्रव्ये कोणती?

महाराष्ट्रात या गटातील सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे मेफेड्रोन. व्यवहारात त्यास ‘एमडी’ अथवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेत व येमेनमध्ये ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने तरतरी येण्यासाठी चघळण्याची जुनी प्रथा आहे. त्या पानांत कॅथिनोन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. मेफेड्रोन हे त्याच कुळातील, मात्र संपूर्णपणे रसायनशाळेत तयार होणारे द्रव्य आहे. त्याची रासायनिक कृती १९२९ सालीच प्रसिद्ध झाली होती. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे ते विस्मरणात गेले आणि २००३ नंतर पुन्हा प्रकाशात येऊन युरोपच्या बाजारात पसरले. नाकातून ओढल्यास काही मिनिटांत त्याचा अंमल चढतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. उतरताच पुन्हा घेण्याची तीव्र इच्छा होते. त्यामुळे एका रात्रीत अनेकदा मात्रा घेतली जाते आणि विषबाधा बहुधा या पुनरावृत्तीतूनच घडते.

दुसरे द्रव्य आपल्या स्वतःच्या शस्त्रक्रियागृहातील आहे. पाठीतून भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ मेफेन्टर्मिनचे इंजेक्शन वापरतात. हेच इंजेक्शन व्यायामशाळेत दम वाढावा म्हणून अथवा भरतीच्या धावण्यासाठी तरुण मुले टोचून घेऊ लागली आहेत. महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीविरुद्ध अलीकडच्या काळात अनेक ठिकाणी कारवाया झाल्या आहेत. छातीत धडधड, रक्तदाबाची उसळी, भ्रम, संशय आणि हळूहळू जडणारे व्यसन हे त्याचे परिणाम आहेत. ‘डॉक्टर वापरतात म्हणजे सुरक्षित’ हा समज येथे घातक ठरतो.

तिसरा गट गोळ्यांचा आहे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी यांचा नशेसाठी गैरवापर होतो. मराठवाड्यात झोपेच्या गोळीला ‘बटन’ हे टोपणनाव पडले आहे. ट्रामाडोलचा समावेश २०१८ मध्ये अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत करण्यात आला. चौथा गट लहान मुलांशी संबंधित असल्याने अधिक क्लेशदायक आहे. तो म्हणजे पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर यांचा वास घेणे. बाटलीबंद व्हाइटनर व थिनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र शासनाने २०१२ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. नवी द्रव्ये आली म्हणून जुनी गेली असे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करीत असल्याचे आढळले. वासाची नशा करण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.७ टक्के होते. ज्या नशेत मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक आहे, असा त्या पाहणीतील हा एकमेव गट होता. विश्वस्तांनी आणि शाळाचालकांनी या एका आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे.

महाराष्ट्रातील वाटचाल

मेफेड्रोन मुंबईत पसरू लागले तेव्हा ते कायद्याने प्रतिबंधित नव्हते. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने त्याच वर्षाच्या अखेरीस त्यावर नियंत्रण आणले. भारतात ५ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याचा समावेश अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात झाला. आज २ ग्रॅमपर्यंतचा साठा अल्प, तर ५० ग्रॅमहून अधिक साठा व्यापारी प्रमाणातील मानला जातो.

बंदी आली, परंतु पुरवठा थांबला नाही. उलट हे द्रव्य समुद्रापलीकडून आणावे लागत नाही, येथेच तयार होते, ही बाब वारंवार उघड झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळील शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आला. त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगर परिसरात महसूल गुप्तचर यंत्रणेने धाडी घालून मादक द्रव्यांचे मोठे साठे पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील उत्पादनासह पुणे, दिल्ली आदी ठिकाणांहून १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापुरातील एमडी विक्रीचे प्रकरण पुढे आले. नाशिक, संभाजीनगर, पुणे, तुळजापूर ही नावे आपल्या माणसांना परकी नाहीत. आपली मुले तेथे शिकतात, नोकरी करतात, देवदर्शनाला जातात आणि सणावाराला घरी परत येतात. महानगराचे दुखणे एस. टी.च्या एका रात्रीच्या प्रवासाने आपल्या दारात येऊ शकते, हे ध्यानात घेऊन तयारी करणे शहाणपणाचे ठरेल.

तीन विषे, तीन चेहरे

घाईच्या वेळी डॉक्टर व परिचारिका यांना रसायनाचे नाव कळणे क्वचितच शक्य होते. मात्र रुग्णाचे शरीर काही खुणा दाखवीत असते. आपल्या भागात तीन प्रकारच्या विषबाधा एकमेकींशी गल्लत होण्याजोग्या आहेत.

पहिली फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फरस औषधाची. येथे डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, उलट्या-जुलाब, स्नायूंची थरथर आणि छातीत घरघर अशी लक्षणे दिसतात. नाडी बहुधा मंदावते.

दुसरी धोतऱ्याची. महादेवाला वाहिले जाणारे हे फळ आपल्याकडे उकिरड्यावरही उगवते आणि त्याचे बी कधी चुकून, तर कधी भांगेत मिसळून पोटात जाते. येथे बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते, ताप चढतो, रुग्ण बरळतो व हवेत काहीतरी पकडू पाहतो. मात्र त्वचा व तोंड कोरडे ठणठणीत असते आणि पोटाचे आवाज मंदावतात.

तिसरी मेफेड्रोनसारख्या उत्तेजक द्रव्याची. येथेही बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते, ताप चढतो आणि भ्रम होतो. परंतु त्वचा कोरडी नसते, घामाने ओली असते. रक्तदाब वाढतो, जबडा आवळला जातो, दात करकर वाजतात. काहींना छातीत दुखते, काहींना झटके येतात, तर काहींच्या नाकातून रक्त येते.

घाम पाहून पहिल्या विषाचा संशय येतो, भ्रम पाहून दुसऱ्याचा. म्हणून काखेत हात घालून घाम आहे की नाही हे पाहावे आणि बॅटरीच्या उजेडात बाहुल्या पाहाव्यात. या दोन साध्या क्रियांनी तिन्ही प्रकार बऱ्याच अंशी वेगळे काढता येतात. गल्लत झाली तर काय होते? उत्तेजक द्रव्याच्या रुग्णाला फवारणीच्या विषाचा समजून ॲट्रोपिन दिले, तर आधीच धावणारी नाडी आणखी धावते, घाम आटतो आणि शरीरातील उष्णता बाहेर पडण्याचा उरलेला मार्गही बंद होतो. जे औषध एका रुग्णाला जीवदान देते, तेच दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. यास्तव बाहुल्या व घाम यांची नोंद होण्यापूर्वी ॲट्रोपिन सुरू न करण्याचा नियम अपघात विभागाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, त्यामुळे खऱ्या फवारणीच्या रुग्णाच्या उपचारास तिने विलंब होत नाही.

उपचाराची दिशा

मेफेड्रोनवर उतारा म्हणून कोणतेही विशिष्ट औषध नाही. तरीही उपचार आहेत आणि ते जिल्हा पातळीवरील रुग्णालयाच्या आवाक्यातील आहेत. रुग्णाला शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत ठेवावे. लोराझेपाम अथवा डायझेपाम योग्य मात्रेत शिरेतून द्यावे. त्याने अस्वस्थता, झटके, नाडी व रक्तदाब हे सर्वच खाली येऊ लागतात. ताप साध्या पॅरासिटामॉलने उतरत नाही, कारण तो जंतुसंसर्गाचा नसून स्नायूंच्या अतिश्रमाचा व मेंदूतील उष्णता-नियंत्रण बिघडल्याचा असतो. ओली चादर, पंखा आणि काखेत-जांघेत बर्फाच्या पिशव्या यांनीच तो उतरवावा लागतो. हृदयाचा आलेख काढावा. रक्तातील साखर तपासावी. सोडियमची पातळी पाहावी, कारण काही रुग्ण भरमसाट पाणी पितात व त्यांचे सोडियम घसरते. लघवी कोकाकोलाच्या रंगाची दिसल्यास स्नायू विरघळून मूत्रपिंडावर संकट आल्याची ती खूण समजावी.

रुग्ण आवरत नाही म्हणून चार जणांनी त्याला पालथे दाबून धरणे किंवा हातपाय खाटेला बांधून ठेवणे हा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. उत्तेजक द्रव्याच्या रुग्णात तो धोकादायक आहे. धडपडीमुळे उष्णता वाढते, रक्तातील आम्ल वाढते आणि पालथ्या स्थितीत श्वास कोंडतो. क्षणभर धरावे लागलेच तर उताणे अथवा कुशीवर धरावे आणि औषध देऊन लगेच मोकळे करावे.

एकाच वेळी अनेक द्रव्ये घेतलेली असू शकतात. एमडीचा अंमल उतरताना झोप यावी म्हणून गोळ्या घेतल्या जातात. ट्रामाडोल व एमडी एकत्र आल्यास झटक्यांचा धोका वाढतो. म्हणून सकाळी गुंगीत असलेला रुग्ण ‘शांत झाला’ असे समजून दुर्लक्षित राहू नये. श्वासाची गती मोजत राहावी. शंका असेल तेव्हा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष-माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांना अहोरात्र साहाय्य करतो.

जगाने हे ज्ञान कसे मिळवले?

वरील माहिती प्रयोगशाळेत जनावरांवर प्रयोग करून मिळालेली नाही. नवे द्रव्य बाजारात येते तेव्हा त्याच्या परिणामांची कोणतीही चाचणी झालेली नसते. त्याची पहिली खरी माहिती मिळते ती अपघात विभागात दाखल झालेल्या रुग्णांकडून. म्हणून या विषयातील संशोधन म्हणजे मुख्यतः रुग्णाच्या खाटेजवळ केलेली काळजीपूर्वक नोंद होय.

लंडनमधील एका रुग्णालयाच्या विषशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मेफेड्रोनची विषबाधा झालेल्या रुग्णांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्या रुग्णांच्या रक्ताची तपासणी करून द्रव्याची खात्री करून घेतलेली होती. रुग्ण होते केवळ सात. पण त्या सातांच्या नोंदी नीट होत्या, म्हणून पुढे जगभरच्या डॉक्टरांना त्यांचा उपयोग झाला. स्वीडनमध्ये २०१० ते २०१६ या काळात ‘स्ट्रिडा’ नावाचा प्रकल्प चालला. संशयित रुग्णाचे रक्त व लघवी देशभरातील रुग्णालयांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेकडे पाठवावी आणि विष-माहिती केंद्राने लक्षणे टिपावीत, अशी त्याची रचना होती. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल येथून ‘आयोना’ हा अभ्यास २०१५ पासून याच पद्धतीने चालवण्यात आला. रुग्ण जे घेतल्याचे सांगतो आणि त्याच्या रक्तात जे सापडते ते पुष्कळदा वेगळे असते, हा या अभ्यासांतून मिळालेला मोठा धडा आहे. पुडीवर नाव एक, आत द्रव्य दुसरे. विकत घेणाऱ्याचीही फसवणूक झालेली असते.

युरोपातील १० देशांतील १६ केंद्रांनी ‘युरो-डेन’ नावाने ऑक्टोबर २०१३ पासून एकाच नमुन्यात नोंदी सुरू केल्या. पहिल्या वर्षात ५,५२९ रुग्णांच्या नोंदी जमल्या. त्यांत नव्या कृत्रिम द्रव्यांचा वाटा सुमारे साडेपाच टक्के होता. हेरॉइन, कोकेन, गांजा ही जुनीच नावे वरच्या क्रमांकावर होती. नोंद नसती तर वृत्तपत्रांतील गाजावाजा पाहून सारे लक्ष नव्या द्रव्यांकडेच गेले असते. नोंदीमुळे संकटाचे खरे माप कळते, ते वाढवूनही सांगितले जात नाही आणि लपवूनही ठेवले जात नाही.

या संदर्भात आपल्या शेजारचेच उदाहरण आठवते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. एकेका गावात एकेक माणूस आजारी पडत होता. या संकटाचा आवाका ध्यानात आला तो रुग्णालयांच्या दाखल-नोंदींतून. एकटा रुग्ण ही घटना असते, पण नीट नोंदलेले वीस रुग्ण हा इशारा असतो.

आपल्यासारख्या रुग्णालयाने काय करावे?

नव्या द्रव्याची खात्री करणारी यंत्रे महाग असतात आणि ती आपल्याकडे असण्याची आवश्यकताही नाही. बाजारात मिळणारी लघवी-तपासणीची पट्टी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती जुन्या परिचित द्रव्यांसाठी बनवलेली असते आणि मेफेड्रोन तिच्यातून सहसा निसटते. पट्टी ‘निरंक’ आली म्हणून नशा नाही, असे म्हणता येत नाही. खात्रीसाठी वस्तुमान-वर्णपटाची तपासणी लागते आणि ती न्यायवैद्यक अथवा मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत होते. राज्याची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नांदेड येथे आहे. २०२४ पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा संस्थांशी सहकार्याचा मार्ग खुला आहे.

आपल्या हाती जे आहे ते असे. पहिले, दाखल होतानाचा रक्ताचा व लघवीचा पहिला नमुना राखून ठेवणे. उशिरा घेतलेल्या नमुन्यात द्रव्याचे प्रमाण घटलेले असू शकते, म्हणून पहिल्या नमुन्याचे मोल फार मोठे आहे. तो वेळ लिहून, मोहोरबंद करून शीतकपाटात ठेवावा. दुसरे, प्रत्येक संशयित रुग्णासाठी एक पानी तक्ता भरणे. वय, काय घेतले असे सांगितले, कोणत्या मार्गाने, किती वाजता, सोबत मद्य होते का, आल्यावेळची नाडी, रक्तदाब, ताप, बाहुल्या, घाम, शुद्ध, दिलेले औषध आणि शेवटी काय झाले, एवढे रकाने पुरेत. तिसरे, प्रश्नाचे शब्द बदलणे. ‘औषध घेतले का?’ याऐवजी ‘आज तोंडातून, नाकातून, सुईने किंवा धुरातून काय काय गेले?’ असे विचारावे आणि ते रुग्णाला एकांतात विचारावे. चौथे, शस्त्रक्रियागृहातील मेफेन्टर्मिन, ट्रामाडोल, केटामिन यांच्या कुप्या कुलूपबंद ठेवून प्रत्येक कुपीचा हिशेब नोंदवहीत मांडणे. बाहेरच्या नशेविषयी बोलताना स्वतःचे कपाट उघडे ठेवणे शोभत नाही.

आता नीतीचा प्रश्न. नमुना उपचारासाठी घेणे वेगळे आणि तो अभ्यासासाठी वापरणे वेगळे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनास नीती-समितीची मान्यता व रुग्णाची जाणीवपूर्वक संमती आवश्यक असते. बेशुद्ध अथवा भ्रमिष्ट रुग्ण संमती देऊ शकत नाही. अशा वेळी समितीने ठरवून दिलेल्या पद्धतीने नातेवाइकांची संमती घ्यावी आणि रुग्ण भानावर आल्यावर त्याला सर्व सांगून त्याचीही घ्यावी. त्याने नाही म्हटले तर त्याचा नमुना व माहिती अभ्यासातून काढून टाकावी आणि उपचारात तसूभरही फरक पडू देऊ नये. अभ्यासाच्या तक्त्यावर नाव, गाव, जात, मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही नसावे. छोट्या जिल्ह्यात गाव व वय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे विसरता कामा नये.

कुटुंबीयांसाठी चार शब्द

मुलगा घामाघूम झाला, बरळू लागला, अंग तापले की सकाळपर्यंत वाट पाहू नये. बाहेरचे काही लागले म्हणून अंगारा लावण्यात पहिले तास घालवू नयेत. त्याला खोलीत कोंडू नये. थंड जागी कुशीवर झोपवावे, कपडे सैल करावेत आणि तातडीने रुग्णालयात आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका निःशुल्क आहे. खिशात पुडी, गोळीचे पाकीट किंवा सुई सापडल्यास फेकू नये, सोबत आणावी. त्यामुळे डॉक्टरांचा तासाभराचा शोध वाचतो.

पोलिसांची भीती अनेकांना वाटते आणि त्या भीतीपायीच खरे सांगितले जात नाही. विषबाधेच्या रुग्णाची वैद्यकीय-न्यायिक नोंद करणे रुग्णालयाला भाग असते, हे खरे आहे. परंतु कायद्याने आजारी माणसासाठी दार उघडे ठेवले आहे. अंमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४ अ या कलमानुसार केवळ सेवन केल्याचा अथवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. व्यसन हा आजार आहे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मान्य केले आहे आणि त्याच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णास दिला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आधारासाठी १४४१६ हे राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहेत.

मूल वाचले, घरी गेले, म्हणजे प्रकरण संपले असे मानू नये. एमडीच्या सेवनानंतर कित्येक दिवस खिन्नता, निद्रानाश आणि संशयी वृत्ती राहू शकते. याच दिवसांत त्याला टाकून बोलणे, कोंडणे किंवा घाईने लग्न लावून देणे हे उपाय नव्हेत. मनोविकारतज्ज्ञांची भेट आणि घरातल्या एका माणसाचा धीर हेच खरे औषध आहे.

समारोप

देणगीदारांना आपल्या दानातून उभी राहिलेली वस्तू पाहावीशी वाटते आणि ते स्वाभाविक आहे. इमारत दिसते, यंत्र दिसते, त्यांवर नावाची पाटी लावता येते. एक पानी तक्त्यावर पाटी लावता येत नाही. परंतु या विषयात सर्वांत मोठी गरज फार थोड्या खर्चाची आहे. नमुने ठेवण्यासाठी एक लहान शीतकपाट, ताप मोजण्याची चांगली साधने, बर्फाची सोय, डॉक्टर-परिचारिकांसाठी वर्षातून दोन प्रशिक्षणे आणि नोंदी सांभाळणारी एक जबाबदार व्यक्ती एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. विश्वस्त मंडळाने येत्या वर्षाच्या नियोजनात याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

फवारणीच्या विषाला ओळखायला आपण एका पिढीत शिकलो. ती शिकवणी फार महाग पडली, कारण प्रत्येक धड्यामागे एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला होता. नवी नशा ओळखायला आपल्याला तेवढा काळ मिळणार नाही आणि तेवढी किंमत देणेही योग्य नाही. रात्री अकराला बाकड्यावर टेकवलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांत कोणीतरी बॅटरीचा उजेड टाकावा, काखेत हात घालून पाहावे, योग्य तो प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवावे. त्या रात्री त्याचा जीव यावर अवलंबून असेल आणि लिहून ठेवलेले उत्तर त्याच्यामागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.